मधल्या बँकेचा वाटा

लाखोरीच्या डाळीचे वडे तेलात सोडताना भागीरथाचे कान बाहेरच्या मांडवात होते. सासऱ्यांच्या पुण्यतिथीची, पुण्यानुमोदनाची वंदना आटोपली होती आणि पंगत बसण्याआधी सासू देवकाबाई दोन शब्द बोलायला उभी राहिली होती. दरवर्षी त्या दोन शब्दांत मोठ्या सुनेचं नाव एकदा तरी यायचं. निदान रांधलं कोणी, एवढ्यापुरतं तरी.

"माह्या लहान सुनेनं," देवकाबाईचा आवाज चुलीपर्यंत खणखणीत आला, "आपल्या तलावातल्या कमळाचे, शिंगाड्याचे चित्र काढले. ते जर्मनीच्या पुस्तकात छापून येऊन राहिले. पैसे बी तिकडूनच. त्या पैशातून अलका विहाराले नवी फरशी बसवून देणार हाय. तिच्या सासऱ्याच्या नावानं."

"साधू, साधू, साधू," मंडळी एकसुरात म्हणाली.

कढईतला घाणा लाल झाला, मग काळसर व्हायला लागला, तरी भागीरथाचा झारा हलला नाही. विहाराच्या छताला पंखा होता. तो तिनं दिला होता, माहेरच्या पैशातून. पंखा लागला त्या दिवशी हीच देवकाबाई म्हणाली होती, "दानाचा बोभाटा करू नये." आज बोभाट्याला हरकत नव्हती.

"बाई, वडे करपले," पाण्याचा हंडा खाली ठेवत अलका म्हणाली. लहान जाऊ केव्हा आत आली, ते भागीरथाला कळलंही नव्हतं.

"तू जाय बाहेर. तुहा सत्कार होऊन राहिला तिकडे. इथी धुरात कायले आली?"

अलका काहीच बोलली नाही. तिनं दुसरा झारा घेऊन करपलेले वडे बाजूला काढले आणि पत्रावळी मोजायला बसली. हे तिचं न बोलणंच भागीरथाला सगळ्यांत जास्त झोंबायचं. उलटून बोलली असती तर दोन हात करता आले असते. या मुलीनं लग्न होऊन आल्यापासून कधी भांडायची सोयच ठेवली नव्हती.

भागीरथा बारावी सायन्स झालेली होती, पहिल्या वर्गात. कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं एकदा कांद्याचा पापुद्रा पाहिला होता. विटांच्या भिंतीसारख्या एकाला एक लागून बसलेल्या पेशी. मागे मुलींची रांग होती म्हणून मास्तरांनी तिला लवकर उठवलं. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. पुढे या घरात बी.एस्सी. झालेली धाकटी सून आली. ती तलावाकाठी बसून दिवसदिवस कागदावर देठ आणि पानं उतरवायची आणि तिला कोणी "भांडे पडले हायेत" म्हणायचं नाही. देवकाबाईसुद्धा नाही.

पैशाचा गुंता मात्र भागीरथाच्याच गळ्यात आला होता. जर्मनीच्या प्रकाशकानं पैसे कुठे पाठवू, असं विचारलं तेव्हा घरात खल झाला. गावच्या बँकेत परदेशचा पैसा घेण्याची सोय नव्हती. धाकटा दीर, अलकाचा नवरा बुद्धभूषण, याचं खातं पतसंस्थेत. थोरला देवीदास, म्हणजे भागीरथाचा नवरा, शाळेत मास्तर. त्याचा पगार गावातच जमा व्हायचा. गोंदियाच्या मोठ्या बँकेत खातं होतं ते एकट्या भागीरथाचं. तिच्या बापाची धानाची बांधी कालव्यात गेली, त्या मोबदल्यातला तिचा हिस्सा तिथे होता. "घरचंच खातं तर हाय," देवकाबाई म्हणाली आणि जर्मनीला भागीरथाचा खाते क्रमांक गेला. अलकाला स्वतःचं खातं काढून द्यावं, हे कोणाच्या मनातही आलं नाही. चूल एक तर खातंही एक, इतकं सोपं वाटलं होतं सगळ्यांना.

पंगती उठल्या. गावकरी गेले आणि घरचे तेवढे मांडवात उरले. बुद्धभूषणनं खुर्ची जवळ ओढली. गावात त्याचं मोबाइलचं दुकान होतं. आकड्यांत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, अशी त्याची समजूत होती.

"वहिनी, एक विचारू? राग नका मानू."

"राग येईन असंच विचारशीन तू. विचार."

"दोनशे युरोचा पहिला हप्ता आला ना, त्या दिवशीचा भाव मी पेपरात पाह्यला होता. तेरा हजाराच्या वर व्हाले पाह्यजे होते. तुमी अलकाच्या हातात बारा हजार बी नाई ठेवले."

"जेवढे आले तेवढे देल्ले. बँकेनं कापले."

"बँकेनं," दवनीवाड्याहून आलेली नणंद निर्मलाबाई सुपारी कातरत म्हणाली. "बँकेचे हात लय लंबे हायेत बाप्पा! जर्मनीतून निघाले पैसे अन् बांधावर येईपर्यंत भिजून आटले."

मांडवात हशा पिकला. देवकाबाईही हसली. भागीरथानं नवऱ्याकडे पाहिलं. देवीदास चष्मा पुसत होता. घरात काही पेटलं की त्याचा चष्मा नेहमी मळायचा.

"पासबुक दाखव ना त्यायले," तो हळूच म्हणाला.

"पासबुकात का दिसते, दादा?" बुद्धभूषण म्हणाला. "जमा झाले तेवढेच. निघाले किती अन् मधात कोठी गेले, ते थोडीच लिहून राहते?"

"म्हणजे मी खाल्ले," भागीरथा म्हणाली.

"असं कोण म्हणते?"

"तोंडानं कोणी नाई म्हणत. अलका, तू बोल. तुले बी असंच वाटते का?"

अलका पत्रावळीची काडी नखानं मोडत होती. "बँकेचं मले समजत नाई, बाई."

"बी.एस्सी. झाली तरी?"

"जाऊ द्या ना आता," देवीदास म्हणाला. "अन् ऐका. काल बँकेतून फोन होता. दुसरी रक्कम आली हाय, मोठी. पण अडकून हाय. पैसे कशाचे, हे ज्याचं खातं त्यानं येऊन सही करून सांगाचं, चित्रं बी दाखवाचे. उद्यापर्यंत नाई सांगितलं तर परत जाईन म्हणे जर्मनीले."

सगळ्यांच्या माना एकदम भागीरथाकडे वळल्या. इतक्या वर्षांत इतकी माणसं एकदम तिच्याकडे बघत असल्याचं तिला आठवत नव्हतं. त्या क्षणाची चव तिनं सावकाश घेतली.

"नाई करत मी सही. जाऊ द्या परत. माहं खातं का धर्मशाळा हाय? या, उतरा, अन् जाताना मलेच चोर म्हणा."

"आन् फरशी?" देवकाबाई म्हणाली. "मी चारचौघांत बोलली ना वं!"

"तुमी बोलल्या, मामी. तुमीच बसवा," भागीरथा सासूला म्हणाली.

बुद्धभूषण ताडकन उठला. "जळते वहिनी. दुसरं काई नाई. जळते!"

ते खरं होतं आणि मांडवातल्या सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी हापशीवर मोठी भांडी घासायला दोघी जावाच होत्या. राखेचा हात कढईवरून फिरवत बराच वेळ गेला.

"फरशीचं मी नव्हतं म्हटलं," अलका अचानक म्हणाली.

"का?"

"मले कोणी विचारलंच नाई. ह्यायनं अन् मामीनं ठरवलं. मले सूक्ष्मदर्शक घ्याचा होता. नागपुरात एका दुकानदारानं जुना ठेवला हाय बाजूले, महिना संपेपर्यंत. पुढच्या चित्रात त्यायले बियांचे छेद पाह्यजे. डोळ्यानं नाई दिसत ते."

भागीरथाचा हात थांबला. सूक्ष्मदर्शक. या घरात. हिच्या खोलीत. कांद्याचा पापुद्रा तिला आठवला आणि तिनं कढई दगडावर आदळली.

"मंग मांडवात तोंड शिवलं होतं का तुहं? फरशीचं बी नाई बोलली, माह्या चोरीचं बी नाई बोलली."

अलका खाली मान घालून पुढचं भांडं घासायला लागली. पुन्हा तेच.

"उद्या गोंदियाले चाल माह्यासंग," भागीरथा म्हणाली. "सही कराले नाई जाऊन राहिली मी. कोणी कापले अन् किती कापले, ते बँकेच्या माणसाच्या तोंडून तू ऐकजो. आन् घरी येऊन सगळ्याइच्या समोर सांगजो. तुहे चित्रं बी घे, बँकवाल्यानं मांगितले हायेत."

सकाळच्या एसटीत दोघींना एकच बाक मिळाला. अलकाच्या मांडीवर पुठ्ठ्याची मोठी फाइल होती. ती खिडकीला लागून झोपली तशी फाइल घसरायला लागली. भागीरथानं ती सावरली, आणि सावरलीच आहे तर उघडली. आजवर तिनं ही चित्रं हट्टानं पाहिली नव्हती. कोणी दाखवायला लागलं की तिला गोठ्यात काम निघायचं.

पहिल्याच पानावर शिंगाड्याचा वेल होता. पाण्यावर पसरलेली पानांची चकती, आणि प्रत्येक पानाच्या देठाला मध्ये आलेला फुगवटा, ज्याच्या जोरावर ते पान तरंगतं. दुसऱ्या पानावर कमळाच्या देठाचा आडवा काप, आतल्या हवेच्या नळ्यांसकट. हे देठ भागीरथानं भाजीसाठी जन्मभर चिरले होते. ती चूक शोधायला लागली. एखादी नळी जास्तीची, एखादा देठ उगाच बारीक. गाडी अर्ध्या वाटेवर आली तरी तिला चूक सापडली नाही. तिनं फाइल बंद केली आणि अलकाच्या मांडीवर जरा जोरातच ठेवली.

बँकेत परदेशच्या पैशाचं टेबल घनश्यामबाबूंचं होतं. गोंदियात मुरलेले गृहस्थ. समोरच्याची मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत होती.

"साहेब, आधी मले पहिल्या पैशाचं सांगा," भागीरथा म्हणाली. "दोनशे निघाले होते. मधात खाल्ले कोणी?"

घनश्यामबाबूंनी संगणकात पाहिलं. "देखिए ताई, जर्मनी से पैसा सीधा हमारे पास नहीं आता. उनकी बँक और हमारी बँक की आपस में पहचान नहीं है. तो बीच में एक तीसरी बँक पडती है. उसने पहले अपना काट लिया, वहीं के वहीं, युरो में. फिर यहाँ हमारा चार्ज. उस पर सर्विस टॅक्स. और पेपर में जो भाव आता है ना, उस भाव से बँक कभी नहीं लेती. कम से ही लेती है. हो गया."

"आन् मधल्या बँकेनं केलं तरी काय?"

"कुछ नहीं. इधर से लिया, उधर दिया."

"तरी तिचा वाटा."

"बीच में है ना ताई. बीच वाले का रहता ही है."

"माहा नाई राहिला," भागीरथा म्हणाली. "मी बी मधातच होती. मले निस्ता बट्टा लागला." मग ती अलकाकडे वळली. "ऐकलं?"

"ऐकलं," अलका म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मले पहिलेच वाटत होतं, बाई, का तुमी नाई घेतले."

"वाटत होतं तं बोलली काऊन नाई?"

उत्तर यायच्या आत घनश्यामबाबूंनी फाइल पुढे ओढली. ते एकेक पान उलटायला लागले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना त्यांनी बोलावून घेतलं. "ये देखिए. कमल का डंठल. कोई बोलेगा हाथ से बना है?" मग ते भागीरथाकडे पाहून अगदी अदबीनं म्हणाले, "ताई, खाता आपके नाम का है. ये सब आपने बनाया?"

टेबलाखाली अलकाची बोटं भागीरथाच्या पदराला लागली. एक हलकासा हिसका. हो म्हणा.

एका शब्दाचं काम होतं. पैसे जमा झाले असते, सूक्ष्मदर्शक आला असता. आणि शेजारच्या टेबलावरच्या त्या मॅडम अजून तशाच डोळे मोठे करून बघत होत्या. भागीरथाकडे. अशा नजरेनं तिच्याकडे शेवटचं कोणी पाहिलं होतं ते बारावीच्या निकालाच्या दिवशी. 'हो' तिच्या जिभेवर येऊन बसला होता आणि तो इतका गोड लागत होता, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"नाई," ती म्हणाली. "हे तिचं हाय. माह्या लहान जावेचं. मले रेघ बी सरळ नाई मारता येत."

पदरावरची बोटं गळून पडली.

घनश्यामबाबूंनी पेन खाली ठेवलं. "फिर तो दिक्कत है. काम इनका, खाता आपका. ऐसे जमा नहीं कर सकते. पैसा वापस जाएगा. और जाने का भी कटेगा, फिर आएगा तब भी कटेगा."

"किती दिवस?" अलकानं विचारलं.

"महीना तो पकडो."

दोघी बाजूच्या बाकावर येऊन बसल्या. अलकाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. भागीरथानं तो पहिल्यांदाच पाहिला.

"एका शब्दाचं काम होतं, बाई! ह्यायनं म्हटलं तेच खरं. तुमी मुद्दाम केलं. माहं काम अडावं म्हणून!"

"मुद्दाम केलं का, ते मले बी नाई समजत," भागीरथा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. अलकाचं अडलं, याचं आत कुठेतरी तिला बरं वाटलं होतं. आणि ते चित्र आपलं म्हणून सांगवलं नाही, हेही तितकंच खरं होतं. "पण तुले एक विचारते. मी हो म्हटली असती अन् त्या बाईनं माहा हात धरून म्हटलं असतं, वा ताई, का चित्र काढलं! तर तुले चाललं असतं?"

अलकानं मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाई. जीव जळला असता माहा."

"जळला असता ना?"

"तसा बी जळतेच. तुमी पासबुक पेटीत ठेवता, पेटीले कुलूप लावता अन् चाबी कमरेले खोचता, तवा जळते. मले हप्ता तुमच्या हातून घ्या लागला. माह्याच कामाचा. म्हणून मांडवात नाई बोलली मी. मनात आलं, होऊ द्या यायची बी जराशी फजिती."

भागीरथाचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. सात वर्षं एका चुलीवर आपल्यासोबत रांधणाऱ्या या गरीब गायीच्या तोंडून हे ऐकताना तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट कुठेतरी गाठ सैल झाल्यासारखं वाटलं.

"ऊठ," ती म्हणाली. "खातं काढू तुहं."

खातं काढायला जुन्या खातेदाराची ओळख लागत होती. अलकाजवळ फोटो होते, मतदार ओळखपत्र होतं. घनश्यामबाबूंनी अर्ज भागीरथापुढे सरकवला आणि ओळख देणाऱ्याच्या सहीची जागा दाखवली. "यहाँ साइन. कितने साल से जानती हैं इनको?"

"सहा," भागीरथा म्हणाली.

"सात," अलकानं दुरुस्ती केली.

"पहिल्या वर्षी मी बोलत नव्हती हिच्यासंग. ते नाई धरलं."

घनश्यामबाबूंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि सात लिहिलं. घरी सही करणार नाही म्हणून मांडव डोक्यावर घेणाऱ्या भागीरथानं इथे सही केली, जरा मोठ्या अक्षरांत. मग खिडकीवरून पैसे काढायची चिठ्ठी आणली आणि स्वतःच्या खात्यावर लिहायला लागली.

"हे का करता, बाई?"

"नागपूरचा दुकानदार महिनाभर नाई थांबाचा. सूक्ष्मदर्शक घे. जर्मनीचे पैसे तुह्या खात्यात आले का मले वापस देजो."

अलकाचा चेहरा उजळला, मग लगेच सावध झाला. देणाऱ्याचा हात वर राहतो, हे तिला कळत होतं. भागीरथालाही कळत होतं. देताना तिला जे बरं वाटत होतं, ते काही अगदी निर्मळ नव्हतं.

"घरी काय सांगू? फरशी नाई, खातं माहं, अन् पैसे तुमचे. हे तर तांडव करतीन."

"सांग, मधल्या बँकेनं देल्ले. अन् ऐक, मधली बँक फुकट नाई देत. आपला वाटा कापते."

"केवढा?"

भागीरथानं चिठ्ठीवरून मान वर केली नाही. "यंत्र आलं का पहिले डोळा मी लावीन. तुह्या आधी. आन् मले वाटीन तवाच उठीन. कोणी उठवाचं नाई."

अलकानं फाइल छातीशी घट्ट धरली. तिचं न बोलणं आता भागीरथाला वाचता येत होतं. त्यात नम्रपणा तसूभरही नव्हता. स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या हाती पहिल्यांदा द्यायची, म्हणून जीव तीळतीळ तुटत होता.

"कबूल," अलका शेवटी म्हणाली. "पण बाजूची फिरकी तुमी नाई फिरवाची. भिंग काचेवर आपटते."

"बारावी सायन्स हाय मी."

"तरी बी नाई."

"फिरवीन."

"मंग मी यंत्र पेटीत ठेवीन," अलका म्हणाली. "अन् कुलूप लावीन."

भागीरथा मोठ्यानं हसली. रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. तिनं चिठ्ठी खिडकीत सरकवली आणि पैसे हातात यायची वाट बघत, पुढचं भांडण मनातल्या मनात जुळवत उभी राहिली.